सैनिकांचा अर्ज

आफ्रिका खंडाच्या पश्चिम किनाऱ्यावर घाना नावाचा देश आहे. इंग्रजांच्या अमलात त्याला ‘गोल्ड कोस्ट’, म्हणजे सोन्याचा किनारा, असे म्हणत. या किनाऱ्यावरून सोने तर गेलेच; परंतु त्याहून मोठी लूट झाली ती माणसांची. आक्रा या राजधानीच्या शहरी समुद्रालगत ख्रिश्चनबर्ग नावाचा किल्ला आहे. सतराव्या शतकात डेन लोकांनी तो बांधला. त्याच्या तळघरांत कोंडलेले गुलाम जहाजांत भरून अटलांटिक महासागरापलीकडे पाठविले जात. पुढे याच किल्ल्यात इंग्रज गव्हर्नर राहू लागला.

दुसऱ्या महायुद्धात गोल्ड कोस्टमधील हजारो तरुण इंग्रजांच्या सैन्यात दाखल झाले. त्यांपैकी कित्येकजण हिंदुस्थानमार्गे ब्रह्मदेशात गेले आणि तेथील घनदाट अरण्यात, पावसाची व हिवतापाची पर्वा न करता, जपानी फौजांशी लढले. हे युद्ध स्वातंत्र्यासाठी आहे, असे त्यांना सांगण्यात आले होते. मात्र ते कोणाच्या स्वातंत्र्यासाठी, याचा खुलासा कोणी केला नव्हता.

युद्ध संपले. सैनिक घरी परतले. कबूल केलेले निवृत्तिवेतन हाती पडेना, कामधंदा मिळेना, आणि विलायती मालाचे भाव तर गगनाला भिडलेले. अखेर २८ फेब्रुवारी १९४८ या दिवशी सुमारे दोन हजार माजी सैनिक आपल्या गाऱ्हाण्यांचा अर्ज घेऊन, हाती शस्त्र न धरता, गव्हर्नरच्या किल्ल्याकडे निघाले. वाटेत एका चौकात पोलिसांनी त्यांना अडविले. गोळी झाडण्याचा हुकूम सुटला, पण शिपाई कचरले. तेव्हा गोऱ्या अधिकाऱ्याने एकाच्या हातातील बंदूक हिसकावून स्वतःच गोळ्या झाडल्या. सार्जंट अजेटे, कॉर्पोरल अटिपो आणि शिपाई ओडार्टे लॅम्प्टी हे तिघे ठार झाले. रणांगणातून जे सुखरूप परत आले होते, त्यांना मरण आले ते आपल्याच शहराच्या रस्त्यावर.

ही वार्ता पसरताच शहर पेटले. दंगलीत आणखी अनेकांचे प्राण गेले. सरकारने क्वामे एन्क्रुमा व इतर पाच पुढाऱ्यांना पकडले. वास्तविक त्या दंगलीची आखणी कोणी केलेली नव्हती. परंतु पुढारी पकडल्याने असंतोष शमतो, ही राज्यकर्त्यांची जुनी समजूत आहे.

सुटकेनंतर एन्क्रुमांनी १९४९ साली स्वतःचा पक्ष काढला. ‘स्वराज्य, आणि तेही आताच’ ही त्यांची मागणी होती. महात्मा गांधींच्या मार्गाचा त्यांच्या मनावर मोठा प्रभाव होता. जानेवारी १९५० मध्ये त्यांनी संप व बहिष्कार यांची चळवळ पुकारली आणि ते पुन्हा तुरुंगात गेले. फेब्रुवारी १९५१ मध्ये निवडणुका झाल्या. कोठडीतूनच उभे राहिलेल्या एन्क्रुमांना आक्रा शहरात २३,१२२ पैकी २२,७८० मते मिळाली! निकालानंतर थोड्याच दिवसांत गव्हर्नरने त्यांना मुक्त करून सरकार बनविण्यास पाचारण केले.

याच एन्क्रुमांनी पुढे १९६४ साली इतर पक्षांवर बंदी घातली आणि १९६६ साली लष्कराने त्यांची सत्ता उलथून टाकली, हेही येथे सांगितले पाहिजे. परंतु १९५७ च्या मार्च महिन्यात तो काळ दूर होता. ५ मार्चच्या मध्यरात्री आक्र्याच्या पोलो मैदानावर अफाट जनसमुदाय जमला होता. इंग्रजांचे निशाण उतरले आणि लाल, सोनेरी व हिरव्या पट्ट्यांचे, मध्ये काळा तारा असलेले निशाण वर चढले. व्यासपीठावर एन्क्रुमा व त्यांचे सहकारी उभे होते. त्यांच्या मस्तकांवर होत्या तुरुंगातील कैद्यांच्या टोप्या.

दरवर्षी २८ फेब्रुवारीस आक्र्यात त्या तीन सैनिकांच्या स्मृतीस पुष्पचक्रे वाहिली जातात.