चौथी बादली

पुण्यात एम.ए. करताना आमच्या तिघांच्या खोलीत चौथा मुलगा राहायचा. रूममेटचा गाववाला. हॉस्टेलच्या यादीत त्याचं नाव लागलं नव्हतं आणि बाहेर कॉट बेसिसवर राहणं परवडत नव्हतं. पुण्यातल्या हॉस्टेलांत अशांना ‘पॅरासाइट’ म्हणतात. रूममेटने त्याला ठेवून घेतलं ते निव्वळ माणुसकीने.

एका रात्री चेकिंग आलं. चौथा तेव्हा अभ्यासिकेत होता. रेक्टरसरांनी दारातूनच विचारलं, “कॉट तीन, मग बादल्या चार कशा?” दोरीवर टॉवेलही चार वाळत होते.

चौथ्याला काहीच झालं नाही. तो कागदावर नव्हताच, त्याला काढणार कुठून? गेली ती रूममेटची जागा. डिपॉझिट जप्त, लगेच खोली रिकामी करायची आणि पुढच्या वर्षी अर्जही करायचा नाही. दंड त्यामानाने किरकोळ होता. भर सत्रात त्याला बाहेर कॉट शोधावी लागली, मेसचे पैसे भाड्यात गेले आणि दुपारचं जेवण वडापाववर आलं. हमीपत्रावर सही होती म्हणून वडिलांनाही गावाहून बोलावलं. पिशवी मांडीवर धरून ते ऑफिसबाहेरच्या बाकावर सकाळपासून बसून होते.

म्हणून नव्या मुलामुलींना कळकळीने सांगतो, प्रवेशाच्या गर्दीत ज्यावर सही ठोकता ते हमीपत्र आधी आईवडिलांसोबत बसून वाचा. भाऊ परीक्षेला येणार असेल तर पाहुण्यासाठी आधी लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या. वॉचमनकाकांच्या तोंडी परवानगीवर विसंबू नका. चेकिंगच्या वेळी ते बिचारे काही बोलू शकत नाहीत. खोलीत कॉइल लावू नका. ती कुणाचीही असो, जाब खोली ज्यांच्या नावावर आहे त्यांनाच द्यावा लागतो.

रॅगिंगची गोष्ट मात्र रेक्टरच्या हातातही राहत नाही. महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध कायदा आहे. गुन्हा सिद्ध झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि पाच वर्षं कुठल्याच संस्थेत प्रवेश मिळत नाही. सीनियरच्या खोलीत असलं काही चालू असेल तर गंमत बघायलाही थांबू नका.

नोटीस आलीच तर खोटं बोलू नका, लेखी उत्तर द्या आणि म्हणणं मांडायची संधी मागा.

आणि यादीत नाव लागलं नाही म्हणून मित्राच्या खोलीत शिरण्याआधी सरकारी योजना पाहा. सरकारी वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् आणि ओबीसींसाठी आधार योजना आहे. राहण्या-जेवणाचे पैसे बँक खात्यात जमा होतात. स्वाधारसाठी समाजकल्याण कार्यालयात जा आणि अर्जाची मुदत विचारूनच बाहेर पडा.