काटकसर कुठे करावी, कुठे करू नये

धाकट्या बहिणीच्या घरी कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं ते भाचीच्या अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाच्या वेळी. तिला पुढे अभ्यासाला लागणारच होता. मेहुणे कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात आहेत, त्यांनाही ई-वे बिलं आणि गाड्यांचे हिशेब घरी बसून करता आले असते. बजेट बेताचं. एका दुकानदाराने ‘आय-फाइव्ह, आठ जीबी, पाचशे जीबी, कॅबिनेट विथ एसएमपीएस’ असा तयार सेट दिला, मॉनिटर-कीबोर्डसकट. भाव परवडणारा होता आणि वर्षभर तो सेट चाललाही.

पुढच्या जूनमध्ये, पहिल्या मोठ्या पावसात लाइट दोन-तीनदा गेली-आली. फट् असा आवाज झाला, करपल्याचा वास सुटला आणि कॉम्प्युटर बंद पडला. बहिणीने मला बोलावलं. एसएमपीएस, म्हणजे आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, जळाला होताच, पण जाताना तो मदरबोर्ड आणि हार्ड डिस्कही घेऊन गेला होता. भाचीची वर्षभराची टिपणं, घरातले फोटो, मेहुण्यांचे हिशेब त्या एकाच डिस्कवर होते. दुकानदार म्हणाला, ‘लाइटमुळे जळलंय, वॉरंटीत बसत नाही.’ हातात बिल म्हणून काय होतं, तर व्हिजिटिंग कार्डाच्या मागे लिहिलेला एक आकडा.

कमी पैशांत चांगला कॉम्प्युटर होत नाही असं यातून कुणी समजू नये. नक्की होतो. फक्त काटकसर कुठे करायची ते आधी ठरवावं लागतं. जे नंतर वाढवता येतं, त्यात आज हात आखडता घ्यावा. ज्याच्या जिवावर बाकीचं सगळं चालतं, तिथे घेऊ नये.

जळालेल्या डब्यात काय निघालं

त्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरांत ‘४५०’ छापलेलं होतं. सगळ्यांनी ते ४५० वॅट असंच वाचलं होतं. स्टिकर नीट पाहिलं तर ४५० हा नुसता मॉडेल नंबरचा भाग होता, पुढे वॅट कुठेच लिहिलेलं नव्हतं. खाली बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर होते. बारा गुणिले चौदा, म्हणजे १६८ वॅट. आजचा प्रोसेसर आपली जवळजवळ सगळी वीज या १२ व्होल्टच्या लाइनवरूनच घेतो, म्हणून एसएमपीएसची खरी ताकद त्याच रकान्यात कळते.

साध्या कॉम्प्युटरला १६८ वॅटही पुरतात. खरा दोष आत होता. ओळखीच्या मेकॅनिकने तो उघडून दाखवला. वीज आत येते तिथे फिल्टरच्या कॉइलसाठी बोर्डावर जागा आखलेली होती, पण कॉइलऐवजी नुसती तार जोडलेली होती. दाब वाढला तर पुरवठा तोडणारी व्यवस्थाही नव्हती. म्हणून झटका थेट पुढे गेला. (एसएमपीएस घरी कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब काही वेळ साठून राहतो.)

प्रोसेसर आय-फाइव्ह खराच होता, पण तिसऱ्या पिढीचा, २०१२ सालचा. बोर्ड एच-६१ चिपसेटचा. हा चिपसेट २०११ मध्ये आला. असे बोर्ड आजही खोक्यात घालून नवे म्हणून विकले जातात. त्यावर डीडीआर-३ रॅम बसते आणि एम.२ एसएसडीला अनेकदा जागा नसते. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं, तेही त्यात बसत नाही. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन या नावावरून कॉम्प्युटर नवा की जुना हे कळतच नाही. २०२२ मध्ये आलेला आय३-१२१०० हा २०१२ च्या आय-फाइव्हपेक्षा दुपटीहून अधिक काम करतो. म्हणून दुकानात पहिला प्रश्न हाच विचारा: प्रोसेसरचा पूर्ण नंबर काय? तो कोटेशनवर लिहून घ्या.

प्रोसेसर आणि बोर्ड

घरचं काम म्हणजे अभ्यास, टायपिंग, एक्सेल, टॅली, बँकेचे व्यवहार, व्हिडिओ. त्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. आय३-१२१०० किंवा रायझन ५ ५६००जी यांच्यातच ग्राफिक्स असतं आणि ते या कामाला भरपूर होतं. एक अक्षर मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. इंटेलच्या नंबरापुढे ‘एफ’ असेल, जसं १२१००एफ, तर त्यात ग्राफिक्स नसतं. तो थोडा स्वस्त मिळतो, पण वेगळं कार्ड लावल्याशिवाय पडद्यावर काहीच दिसत नाही.

१२१०० ला एच-६१० चिपसेटचा बोर्ड पुरतो. असे बोर्ड काही डीडीआर-४ चे तर काही डीडीआर-५ चे असतात आणि एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही. दोन रॅम स्लॉट आणि एम.२ स्लॉट आहे ना, तेवढं पाहून घ्या. हाच बोर्ड पुढे तेराव्या-चौदाव्या पिढीचा प्रोसेसरही घेतो, त्यासाठी बायॉस अपडेट करावं लागू शकतं.

प्रोसेसर सीलबंद खोक्यातलाच घ्या. खोक्यातल्या प्रोसेसरला कंपनीची ३ वर्षांची वॉरंटी असते. सुट्या, म्हणजे ‘ट्रे’ प्रोसेसरला सहसा फक्त दुकानदाराचा शब्द असतो.

रॅम आणि एसएसडी

२०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकले. एआयच्या डेटा सेंटरांसाठी मेमरीची मागणी इतकी वाढली की घरगुती ग्राहकांच्या वाट्याला महागाई आली. म्हणून काटकसरीची खरी जागा इथे आहे. ८ जीबीची एकच पट्टी घ्या आणि दुसरा स्लॉट मोकळा ठेवा. पैसे जमले की तशीच दुसरी लावायची, पाच मिनिटांचं काम आहे. दोन पट्ट्या झाल्या की प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचा वेगही वाढतो, कारण ते हीच रॅम वापरतं. ४ जीबीवर मात्र भागवू नका, ब्राउझरच तेवढी खाऊन टाकतो.

विंडोज हार्ड डिस्कवर टाकू नका. हार्ड डिस्क सेकंदाला शे-दीडशे एमबी वाचते, साधी साटा एसएसडी साडेपाचशेच्या आसपास, एनव्हीएमई त्याच्या कितीतरी पुढे. लहान फाइली शोधण्यात तर फरक याहून मोठा पडतो. २५० किंवा ५०० जीबीची नामांकित कंपनीची एसएसडी घ्या. जिचं नाव कधी ऐकलेलं नाही, जिची वॉरंटी मुंबईत कुठे मिळते ते दुकानदारालाही सांगता येत नाही, ती कितीही स्वस्त मिळाली तरी नको.

जुनी हार्ड डिस्क चालू असेल तर ती बॅकअपला वापरा. महिन्यातून एकदा महत्त्वाच्या फाइली तिच्यावर किंवा पेन ड्राइव्हवर उतरवा आणि मग ती कॉम्प्युटरपासून काढून कपाटात ठेवा. बोर्ड नवा घेता येतो, वर्षभराचं काम परत मिळत नाही.

एसएमपीएस, यूपीएस, अर्थिंग

कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ येणारा एसएमपीएस नाकारा. कॅबिनेट साधंच घ्या, पण एसएमपीएस नावाजलेल्या कंपनीचा, ४०० किंवा ४५० वॅटचा, ‘८० प्लस’ शिक्का असलेला घ्या. घेतलेल्या विजेतली किमान ८० टक्के वीज प्रत्यक्ष कामी येते, एवढंच हा शिक्का सांगतो. संरक्षणाची माहिती खोक्यावर वेगळी लिहिलेली असते: ओव्हर व्होल्टेज, शॉर्ट सर्किट, ओव्हर पॉवर. तिन्ही आहेत का बघा. एवढं सगळं करून पूर्ण सेटच्या किमतीत फरक पडतो तो दीड-दोन हजारांचा. जळालेला भाग वॉरंटीत घ्यायला बहुतेक कंपन्या नकार देतात, त्यामुळे बाकीच्या सगळ्या भागांची वॉरंटीही एका परीने या डब्यावरच अवलंबून असते.

आपल्याकडे पावसाळ्यात लाइट येते-जाते, म्हणून ६०० व्हीएचा यूपीएस हवाच. तो तासभर काम करण्यासाठी नसतो, फाइल सेव्ह करून कॉम्प्युटर नीट बंद करण्यापुरता असतो. त्याला कॉम्प्युटर, मॉनिटर आणि फार तर राउटर जोडा, लेझर प्रिंटर नको. बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते, तो खर्च धरून चाला.

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येत असतील, तर सॉकेटला अर्थिंग नाही असं समजा. सिडकोच्या जुन्या घरांत हे पुष्कळदा आढळतं. वायरमनला बोलावून तिसऱ्या पिनची तपासणी करून घ्या. बहिणीच्या घरी तेच निघालं आणि नवा कॉम्प्युटर लावण्याआधी आम्ही ते काम उरकलं.

कळंबोलीत तळमजल्यावर राहणाऱ्यांनी कॅबिनेट जमिनीवर ठेवू नये. अतिवृष्टीत खोलगट भागातल्या घरांत पाणी शिरतं हे आपण अनुभवतो. महामार्गाची, ट्रेलरच्या वर्दळीची धूळही आहेच. दर तीन-चार महिन्यांनी ब्लोअरने डबा साफ करा आणि तेव्हा पंखा बोटाने धरून ठेवा. हवेच्या झोताने तो भरमसाट फिरला तर खराब होऊ शकतो.

जुना घ्यायचा असेल तर

कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेले ब्रँडेड डेस्कटॉप दुरुस्त करून विकतात. तेही घ्यायला हरकत नाही, पण आठव्या पिढीपासून पुढचेच. त्यांतल्या बऱ्याच डब्यांचा एसएमपीएस आणि बोर्ड खास मापाचा असतो, बाजारातला बसत नाही. तो बदलायला मिळेल का, हे आधी विचारा. मॉनिटर, कीबोर्ड, माउस मात्र जुने बेलाशक वापरा.

खरेदी आणि बिल

ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, ही सुट्या भागांची मोठी बाजारपेठ. तिथे भाव कमी मिळतो, पण कळंबोलीहून जाण्यायेण्यात दिवस मोडतो आणि भाग बिघडला तर पुन्हा तीच वारी. पनवेल-वाशीत थोडे जास्त पडतील, पण दुकान हाताशी राहतं. कुठेही घ्या, दोन-तीन ठिकाणची कोटेशन एकाच दिवशी घ्या, कारण भाव रोज हलतात. प्रत्येक कोटेशनवर कंपनी, मॉडेल नंबर आणि वॉरंटीची वर्षं वेगवेगळी लिहिलेली हवीत. ‘आय-फाइव्ह सेट’ असं एकच वाक्य लिहिलेलं कोटेशन परत करा.

बिल पक्कं, जीएसटीचं, भागवार आणि सिरियल नंबरांसह घ्या. नंबर खोक्यांवरच्या नंबरांशी तिथेच ताडून पाहा. खोकी वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर राहू द्या. १८ टक्के वाचवण्याच्या मोहात बिल सोडलं तर पुढे कुणाकडे दाद मागताना हात रिकामे राहतात. बिल असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडेही जाता येतं. आपल्यासाठी तो रायगडचा, अलिबागचा. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही.

बहिणीकडे जुनं कॅबिनेट आणि मॉनिटर ठेवून आम्ही नवा संच जोडला: आय३-१२१००, एच-६१० बोर्ड, ८ जीबीची एक पट्टी, ५०० जीबी एसएसडी, आणि सगळ्यात आधी निवडला तो एसएमपीएस. त्याच क्रमाने तुम्हीही विचार करा. पैसे कमी पडले तर एसएसडी लहान घ्या, मॉनिटर कुणाचा जुना आणा, रॅम पुढच्या दिवाळीला वाढवा. तरीही भागत नसेल तर महिनाभर थांबा. पण एसएमपीएस, अर्थिंग आणि पक्कं बिल या तिन्हींवर पाणी सोडून कॉम्प्युटर घरी आणू नका.