पाणी तोडू नकोस

चि. सुहास,

परवा निघता निघता तू हळूच सांगितलंस ते मनातून जात नाही. झोपेतून तीन-चारदा उठावं लागतं, धार बारीक झाली आहे, आणि गाडी वाटेत थांबवता येत नाही म्हणून ड्युटीच्या दिवशी तू पाणीच पीत नाहीस. बावन्नाव्या वर्षी हा त्रास सुरू होणं नवल नाही. मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी वयाबरोबर वाढते आणि मधून जाणारी मूत्रनळी आवळली जाते. साठीपर्यंत निम्म्या पुरुषांची प्रोस्टेट वाढलेली असते. यात लाजण्यासारखं काय आहे?

पण पाणी तोडणं हा उपाय नव्हे. लघवी घट्ट झाली की मूत्राशय चिडतं आणि उलट जास्त वेळा जावंसं वाटतं. मुतखड्याची भीती वाढते, बद्धकोष्ठ होतं, आणि भरलेलं आतडंही मूत्राशयावर दाबतं. दिवसभरात दोनेक लिटर पाणी पोटात जायलाच हवं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. फक्त त्याची वेळ बदल. झोपण्याआधीचे दोन-तीन तास हात आखडता घे. तुझी झोप रात्रपाळीनंतर सकाळी असते, तेव्हा तुझा हिशेब पहाटेपासून धरायचा, घरच्यांचं घड्याळ बघू नकोस. आणि गाडी जिथे थांबेल तिथे लघवीला जाऊनच ये, तुंबवून ठेवू नकोस.

चहाचं मात्र स्पष्ट सांगतो. प्रत्येक ढाब्यावर एक कप हे थांबव. चहा-कॉफीतलं कॅफीन लघवी वाढवतं आणि मूत्राशयाला डिवचतं. स्टिअरिंगवर डोळा लागू नये म्हणून चहा लागतो हे मला कळतं, तर तो पाळीच्या पहिल्या अर्ध्यात घे. सुट्टीच्या रात्रीची बिअरही तसाच त्रास देते.

मिठाकडे कुणाचं लक्षच जात नाही. जपानमधल्या नागासाकी विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०१७ साली एक अभ्यास मांडला. रात्री झोपमोड होणाऱ्या, जास्त मीठ खाणाऱ्या लोकांनी रोजचं मीठ १०.७ ग्रॅमवरून ८ ग्रॅमवर आणलं, तेव्हा त्यांचं रात्रीचं उठणं सरासरी २.३ वेळांवरून १.४ वर आलं. जागतिक आरोग्य संघटना तर दिवसाला ५ ग्रॅमच्या आतच राहायला सांगते. आपल्या ताटात पापड, लोणचं, ठेचा, वर फरसाण. आमटीत मीठ आहेच. निदान झोपेआधीच्या जेवणात लोणचं-पापड नको. शिवाय तासन्‌तास बसून पायांत पाणी उतरतं आणि आडवं झालं की तेच लघवीवाटे बाहेर येतं. म्हणून झोपण्याआधी तासभर पाय उशीवर उंच ठेवून पड.

खाण्यात चमत्कार शोधू नकोस. तेलात शिजवलेल्या टोमॅटोतलं लायकोपीन हे लाल रंगद्रव्य अंगी चांगलं लागतं. टोमॅटोचं सार, पालेभाजी, डाळी, ज्वारीची भाकरी हे सगळं खा, पण औषध म्हणून नव्हे. पोटाचा घेर कमी झाला तर त्याचा उपयोग नक्की होईल. ‘प्रोस्टेटसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या मात्र आणू नकोस. अमेरिकेत २००१ साली ३५ हजारांहून अधिक पुरुषांवर सेलेनियम आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या आजमावायला सुरुवात झाली. प्रोस्टेटचा कर्करोग टळेल ही आशा होती. २०११ साली कळलं, की नुसतं ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत तो कर्करोग १७ टक्के जास्त निघाला.

दुकानातून सर्दीची गोळी घेतानाही जप. अशा काही गोळ्यांनी वाढलेल्या प्रोस्टेटवाल्याची लघवी एकाएकी बंद होते. तसं झालं, तर सकाळ होण्याची वाट न पाहता सरळ दवाखाना गाठ.

आणि हे सगळं करूनही तपासणी टळत नाही. सारखी लघवी होण्यामागे साखर असू शकते, जंतुसंसर्ग असू शकतो. या पंधरवड्यात एक दिवस रजा टाक, मूत्रविकारतज्ज्ञांना दाखव. लघवी, रक्तातली साखर तपासून घे, पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणी करायची का हे त्यांनाच विचार. लघवीत रक्त दिसलं, तर पंधरवडाही थांबू नकोस. एकट्याला संकोच वाटत असेल तर मी सोबत येतो. तारीख कळव.

तुझा,
मामा