राजगृहातील टोबी : मैत्रीभावनेचा एक पाठ

फेब्रुवारी १९३४ मध्ये दादरच्या राजगृहात काढलेले एक छायाचित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेले असेल. त्यात परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर, माता रमाई, चिरंजीव यशवंत, वहिनी लक्ष्मीबाई आणि पुतणे मुकुंद आहेत. या कुटुंबचित्रात आणखी एक सदस्य आहे. तो म्हणजे बाबासाहेबांचा आवडता कुत्रा टोबी. पुढे २७ मे १९३५ रोजी रमाईंचे निधन झाले. त्यामुळे हे चित्र पाहताना आपली नजर रमाईंवर खिळते. टोबीकडे ती क्वचितच जाते. आज आपण त्याच्यापाशी थोडे थांबू.

आपल्या आजा-पणजांना 'कुत्रा' हा शब्द सहजपणे उच्चारता येत नव्हता. ज्या पाणवठ्यावर जनावरे पाणी पीत, तेथे त्यांना मज्जाव होता. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून बाबासाहेबांनी हाच अन्याय जगापुढे मांडला. १४ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईच्या मणिभवनात गांधीजींची भेट झाली, तेव्हाही त्यांनी स्पष्ट विचारले की, जेथे आम्हाला कुत्र्यामांजरांहून हीन वागविले जाते आणि प्यायला पाणी मिळत नाही, तो देश आम्ही आपला कसा म्हणावा? या भेटीनंतर अवघ्या अडीच वर्षांनी घेतलेल्या छायाचित्रात टोबी आहे.

यात विसंगती आहे काय? आमच्या मते मुळीच नाही. माणसाला जनावराहून खालचे ठरविण्याचा गुन्हा माणसाने रचलेल्या व्यवस्थेचा होता, कुत्र्याचा नव्हता. कुत्र्याला जात कळत नाही. भाकरी देणारा हात आणि मायेने हाक मारणारा आवाज एवढेच त्याला कळते. ज्यांनी इतकी अवहेलना सोसली, त्यांनी तिचा सूड मुक्या जिवावर उगवला नाही, ही गोष्ट लहान नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी तेरावी प्रतिज्ञा सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची व त्यांचे पालन करण्याची आहे. ती उच्चारणाऱ्यांनी टोबीलाही आठवावे.

मात्र दया न्यायाला सोडून नसावी, असे कुक्कुर जातक शिकविते. वाराणसीच्या राजाच्या रथाचे कातडी पट्टे रात्रीच्या पावसात भिजले आणि राजवाड्यातील कुत्र्यांनी ते खाल्ले. आळ मात्र बाहेरच्या कुत्र्यांवर आला. दिसेल ते कुत्रे मारावे, अशी आज्ञा सुटली. राजवाड्यातील कुत्र्यांना तेवढे अभय होते. तेव्हा स्मशानात राहणाऱ्या कुत्र्यांचा प्रमुख असलेल्या बोधिसत्त्वाने राजाला गाठून विचारले, की अपराधाची शहानिशा न करता दुबळ्यांनाच शिक्षा, हा कुठला न्याय? त्याच्या सांगण्यावरून राजवाड्यातील कुत्र्यांना ताक व कुश गवत पाजण्यात आले आणि कातड्याचे तुकडे ओकारीतून बाहेर पडले. राजाने सर्वच प्राण्यांना अभय दिले. पट्टे कोणी खाल्ले हे न पाहता स्मशानातल्यांना धरणारा न्याय आपल्या समाजाला नवा नाही. म्हणूनच ही कथा आपल्याला जवळची वाटते.

माणूस आणि कुत्रा यांच्या सोबतीला इतिहासाचीही साक्ष आहे. आपल्या जिल्ह्यातील वेरूळचे कैलास लेणे ज्यांच्या काळात घडले, त्या राष्ट्रकूटांच्याच राजवटीतील, इ. स. ९४९-५० च्या सुमाराचा एक शिलालेख कर्नाटकात आतकूर येथे सापडला. युद्धातील पराक्रमाबद्दल काय हवे, असे गंग राजा बूतुग याने विचारले, तेव्हा मणलेर नावाच्या वीराने 'काळी' हा शिकारी कुत्रा मागून घेतला. पुढे रानडुकराशी झुंजताना डुक्कर आणि काळी दोघेही मेले. मणलेराने काळीच्या स्मरणार्थ शिळा उभारली आणि तिच्यासाठी जमीनही दिली. फुलंब्रीच्या शिवारात मक्याची राखण करताना रानडुकरांच्या भीतीने रात्र जागविणाऱ्या शेतकऱ्याला या शिळेचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

विज्ञानानेही या जिव्हाळ्याचा माग काढला आहे. माणूस आणि त्याचा कुत्रा एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात, तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढते, असे जपानी संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिले. आई आणि बाळ यांचे नाते दृढ करणारेही हेच संप्रेरक आहे. वसतिगृहात नव्याने आलेले पाचवीतील मूल घरची आठवण सांगताना आई-आजीच्या पाठोपाठ कुत्र्याचेही नाव घेते, तेव्हा आम्ही शिक्षक हसत नाही. ते आपल्या घरातील एका माणसाविषयीच बोलत असते.

पालकांनो, हा जिव्हाळा मुलांमध्ये जपा. पण त्यासोबत जबाबदारीही शिकवा. पाळलेल्या कुत्र्याला दरवर्षी रेबीजची लस द्यावी. त्याला दिवसभर साखळीत जखडू नये आणि म्हातारा झाला म्हणून रस्त्यावर सोडू नये. कुत्रा चावल्यास जखमेवर हळद, चुना किंवा तिखट लावू नये. साबणाने व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे जखम धुवावी आणि त्याच दिवशी शासकीय रुग्णालयात जाऊन लस घ्यावी. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. वेळेवर घेतलेली लस मात्र प्राण वाचविते.

माणसाला माणूस म्हणून वागविण्याचा आग्रह आणि मुक्या जिवावरील माया एकाच घरात नांदू शकतात. राजगृहात त्या नांदल्या. पुढच्या वेळी ते छायाचित्र पाहताना आपल्या मुलांना टोबीही दाखवा आणि तो तेथे का आहे, हेही सांगा.