रानमांजर : शेताचा राखणदार

मित्रांनो, वाघ आणि बिबट्या आपल्याला पुस्तकातल्या चित्रांतून माहीत आहेत. पण त्यांचाच एक लहान भाऊबंद आपल्या माणगाव तालुक्यात शेताच्या कडेला राहतो. तो म्हणजे रानमांजर. मराठीत त्याला बाऊल असेही नाव आहे.

रानमांजर घरच्या मांजरापेक्षा मोठे असते. त्याचे वजन सुमारे ३ ते ८ किलो भरते. रंग वाळलेल्या गवतासारखा पिवळट-करडा असतो. पाय लांब असतात, त्यांवर फिकट पट्टे असतात. कानांच्या टोकांवर काळ्या केसांचा लहानसा झुपका असतो. शेपूट आखूड असते, तिच्यावर काळी वळी असतात आणि टोक काळे असते. अंगावर ठिपके असतील तर ते रानमांजर नव्हे, ती वाघाटी. आणि झाडावर राहणारे, लांब शेपटीचे उदमांजर तर मांजरच नव्हे.

नाव रानमांजर असले तरी त्याला दाट रान फारसे आवडत नाही. नदीकाठचे उंच गवत, झुडपे, शेताचे बांध अशा जागा त्याला आवडतात. आपल्या काळ नदीच्या काठाला अशा जागा पुष्कळ आहेत. इजिप्त देशापासून चीनपर्यंत हे मांजर आढळते.

ते एकटे फिरते. सकाळी लवकर आणि तिन्हीसांजेला शिकार करते. त्याचे कान फार तिखट असतात. गवतात उंदीर खसखसला की ते दबकत जाते आणि उंच उडी मारून त्याला पकडते. उंदीर, पक्षी, सरडे, बेडूक, ससे आणि सापसुद्धा ते खाते.

मादीला बहुतेक २ ते ४ पिल्ले होतात. पिल्लांचे डोळे १० ते १३ दिवसांनी उघडतात. लहानपणी त्यांच्या अंगावर पट्टे असतात, ते मोठेपणी फिके होतात.

आता मुख्य गोष्ट. कोंबडी गेली की सगळे काठ्या घेऊन रानमांजराच्या मागे धावतात. आमच्याकडे अंडी विकून माझ्या वह्या येतात, म्हणून कोंबडी गेली की मलाही वाईट वाटते. पण मांजराला काय ठाऊक ही कोणाची कोंबडी! त्याला ती रानकोंबडीसारखीच. आणि पुष्कळदा चोर मुंगूस असतो, नाहीतर उदमांजर.

राजस्थानात सरिस्का येथे अभ्यास झाला. एक रानमांजर दिवसाला ३ ते ५ उंदीर खात असावे असा अंदाज निघाला. मी गणित केले. रोज ३ उंदीर धरले तरी ३ × ३६५ = १,०९५. म्हणजे वर्षाला हजाराच्या वर उंदीर! हे उंदीर आपले भात खातात. त्यांच्या मुतामुळे चिखलातून लेप्टोचा तापही येतो. आपले आईवडील त्याच चिखलात लावणी करतात. मग एका कोंबडीसाठी हा राखणदार मारायचा का?

आजी म्हणते, "खुराड्याला दार नीट लाव, म्हणजे मांजराला शिव्या द्यायला नको." हे मला पटते. संध्याकाळी कोंबड्या मोजून कोंडाव्यात आणि फट दिसली तर बुजवावी.

गवत कापताना पिल्ले सापडली तर घरी आणू नयेत. आई जवळपासच असते, माणसे असली की ती येत नाही. जुन्नरकडे ऊस तोडताना अशी पिल्ले सापडतात. वनखात्याची माणसे ती त्याच जागी ठेवतात आणि रात्री आई येऊन घेऊन जाते. आपणही तेवढा तुकडा कापायचा ठेवावा, लांब व्हावे आणि वनखात्याला कळवावे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे रानमांजराला मारणे किंवा पकडणे हा गुन्हा आहे.

पालकांनो, आज घरी गेल्यावर आपल्या खुराड्याची कडी एकदा जरूर बघा.

— इयत्ता चौथी