आधी मीटर, मग सोल्डर

अगं, माळ्यावरून काढलेला स्पेक्ट्रम प्लस कॉम्प्युटर टीव्हीला जोडलास, पडद्यावर नुसते उभे पट्टे आले आणि तुझा जीव खाली-वर झाला ना? घाबरू नकोस. पट्टे दिसतायत म्हणजे चित्र काढणारी यूएलए चिप बहुधा शाबूत आहे, आणि हीच चिप मिळायला सगळ्यात अवघड. बाकीचं आपण बघून घेऊ.

तुझी यादी वाचली मी. एसडी कार्ड, नवा कीबोर्ड, टीव्हीला स्वच्छ चित्र, सगळे कपॅसिटर, आणि हे सगळं एका रविवारात! खरं सांगू का, तापाने फणफणलेल्या मुलीला नवा फ्रॉक घालून बरं वाटत नाही. यादी फाडू नकोस, फक्त बाजूला ठेव. पहिल्या दिवशी सोल्डरिंग आयर्न बाहेरसुद्धा काढायचं नाही. फक्त मल्टिमीटर. तो नसेल तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबापाशी साधासा घे, तेवढा पुरतो.

आधी अ‍ॅडॉप्टर. त्यावर ९ व्होल्ट लिहिलंय आणि मीटर बारा-तेरा दाखवतोय म्हणून दचकू नकोस; जुन्या ट्रान्सफॉर्मरवर भार नसला की तो एवढं दाखवतोच. मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेव: या मशीनच्या पिनचं आतलं टोक उणे असतं, बाहेरचं अधिक. घरातल्या बहुतेक अ‍ॅडॉप्टरचं नेमकं उलटं असतं. तेव्हा ‘९ व्होल्टचाच तर आहे’ म्हणून दुसरा कुठलाही खोचायचा नाही, समजलं? आणि अ‍ॅडॉप्टरचं खोकं उघडायचं नाही, जुन्या टीव्हीचं तर नाहीच नाही. कॉम्प्युटरच्या आत व्होल्टेज कमी असतं, तिथे तू निर्धास्त हात घाल.

झाकण उघडताना मात्र सावकाश. कीबोर्डच्या दोन पातळ पट्ट्या बोर्डात खोचलेल्या असतात आणि इतक्या वर्षांनी त्या वाकवल्या की तडकतात. सरळ वर ओढून काढ.

आता खरी गंमत बघ. सिंक्लेअर कंपनीचा मूळ स्पेक्ट्रम १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये आला, १९८४ मध्ये त्याला टणक कळांचा प्लस मिळाला आणि पुढे आपल्याकडे डेसिबेल्स कंपनीने परवाना घेऊन तोच विकला. त्यात पहिल्या १६ के मेमरीसाठी ४११६ जातीच्या आठ चिप्स आहेत, आयसी ६ ते आयसी १३. या चिप्सना एक नाही, तीन व्होल्टेज लागतात. मीटरची काळी तार १६ नंबरच्या पायाला धर. लाल तार १ नंबरला लावली की उणे ५ दिसायला हवं, ८ नंबरला १२ आणि ९ नंबरला ५. दोन पाय एकमेकांना चिकटणार नाहीत एवढं सांभाळ. उणे ५ नसताना मशीन चालू ठेवलं तर या चिप्स जळतात, म्हणून आकडा चुकीचा दिसला की लगेच वीज बंद कर.

१२ आणि उणे ५ नाहीत, ५ मात्र आहे, असं झालं तर बहुतेक वेळा टीआर-४ हा छोटा ट्रान्झिस्टर गेलेला असतो. मशीन चालू असताना मागची एखादी जोडणी उपटली की तोच आधी बळी पडतो. झेडटीएक्स ६५० माग, स्वस्त असतो. पण तो बसवण्याआधी, वीज बंद ठेवून, प्रत्येक ४११६ च्या ८ आणि १६ पायांमधला रोध बघ. तिथे शॉर्ट असेल आणि तू नुसता ट्रान्झिस्टर बदललास, तर नवाही जाईल आणि तू उगीच स्वतःला दोष देत बसशील.

तिन्ही व्होल्टेज बरोबर आणि पट्टे तसेच? मग बहुधा एखादी मेमरी चिप मेली आहे. चालू मशीनमध्ये शेजारणींपेक्षा जी जास्त तापते तिच्यावर पहिला संशय घे. ती काढताना चिप वाचवायची नाही, बोर्ड वाचवायचं. कटरने पाय तोड, मग एकेक पाय गरम करून चिमट्याने उचल. अख्खी चिप खेचायला गेलीस तर बोर्डावरचं तांबं उखडतं आणि ते दुखणं खरंच मोठं. रिकाम्या जागी सॉकेट बसव, म्हणजे पुढच्या वेळी सोल्डरची गरजच नाही. खिडकी उघडी ठेव, नंतर हात धू.

पडद्यावर खाली सिंक्लेअरची १९८२ ची ओळ उमटली, की मग तुझी यादी काढ. कपॅसिटर बदल, अधिक-उणे दोनदा बघून. तापणाऱ्या ७८०५ रेग्युलेटरच्या जागी स्विचिंग रेग्युलेटर घातलास तर पेटी गार राहते. चित्रासाठी मॉड्युलेटरला वळसा घालून कॉम्पोझिट सिग्नल सरळ बाहेर आण, म्हणजे चॅनल ३६ शोधत बसायला नको. एसडी कार्डाची घाई नाही गं. फोनच्या हेडफोनच्या भोकातून ‘ईअर’ सॉकेटला तार लावली आणि आवाज मोठा ठेवून गेमची ऑडिओ फाइल वाजवली, की गेम लोड होतो.

कीबोर्डचा मेम्ब्रेन, म्हणजे त्या पट्ट्यांचा आतला पडदा, तेवढा आजच मागवून ठेव. नवे बनतात अजून, पण बाहेरून यायला वेळ लागतो.