बी यंत्रात घालण्याआधी

पोरी, चारोळीतली अमिनो आम्लं मोजायला घेतलीस, फार बरं केलंस. आपल्या बिरसीभोवती सगळ्या धानाच्या बांध्या. चारोळीचं झाड म्हणजे चार, शिवाय बिबा, बेहडा हवा तर सालेकसा-देवरीच्या जंगलाकडे जावं लागेल. बाजारातली सोललेली चारोळी घेऊ नकोस. ती कोणत्या जंगलातली, कोणत्या सालची, पोत्यात किती कोंदटलेली, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. एप्रिल-मेमध्ये फळ काळं पडतं, तेव्हा वेचणाऱ्या बायांबरोबर जा. फांद्या तोडून उतरवलेली हिरवी चार घेऊ नकोस. बी भरलेली नसते आणि झाडही जातं. पानाफळांसकट एक डहाळी दाबून ठेव, नागपूर विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातून ओळख पक्की करून घे. बिब्यातली गोडंबीही घेणार असशील तर बिबा फोडायचं काम जाणत्या माणसावर सोपव. बिबा अंगावर उतला की पंधरा दिवस हातात काम धरवत नाही.

बी सावलीत वाळव. ओलावा मोजायला थोडा नमुना 105 अंशांच्या भट्टीत घालतात, तो तिथेच संपला म्हणायचा. उष्णतेनं लायसिन साखरेशी बांधलं जातं, मग ते पूर्ण हाती लागत नाही. चारोळीत जवळपास निम्मं तेल असतं. आधी पेट्रोलियम ईथरनं ते काढ, ईथर पुरता उडू दे, आणि जवळपास ज्योत नको.

केल्डालनं 1883 साली नायट्रोजन मोजायची रीत दिली. आपल्याकडे मिळालेल्या आकड्याला सरसकट 6.25 नं गुणतात. ते प्रथिनात 16 टक्के नायट्रोजन धरून केलेलं गणित आहे. बदामाला 5.18 आणि इतर बऱ्याच कवचफळांना 5.30 हा गुणक वापरतात. तू कोणता घेतलास ते तक्त्याखाली लिही, नाहीतर कागदावरच प्रथिन वाढतं.

आता आम्लाचं. 6 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल, 110 अंश, 24 तास, नळीतली हवा काढून तोंड बंद. या आचेत ट्रिप्टोफॅन नष्ट होतं. त्याच्या रकान्यात शून्य लिहू नकोस, ‘मोजलं नाही’ असं लिही. मोजायचंच असेल तर अल्कलीत वेगळा नमुना लाव. सिस्टीन आणि मेथिओनिनसाठी आधी परफॉर्मिक आम्लाची प्रक्रिया लागते. सेरीन, थ्रिओनिन थोडं घटतं, व्हॅलिन आणि आयसोल्युसिन उशिरा सुटतं. म्हणून जमलं तर 48 आणि 72 तासांच्याही नळ्या ठेव. हातमोजे घातल्याशिवाय कशालाच शिवू नकोस. बोटांच्या घामातही अमिनो आम्लं असतात, निनहायड्रिन लागताच कागदावर तुझाच जांभळा ठसा उमटेल. प्रोलिन मात्र पिवळं दिसतं, ते 440 नॅनोमीटरवर वाच, बाकीची 570 वर.

आणि हे नीट ऐक. आपल्या भागात धानानंतर बांधीत लाखोळीची डाळ टाकतात. तिच्यात प्रथिन भरपूर, लायसिनही चांगलं. पण दुष्काळात महिनोन्महिने तिच्यावरच पोट भरलेल्या माणसांचे पाय लुळे पडले. तिच्यातलं विष 1964 साली आपल्याच शास्त्रज्ञांनी वेगळं केलं, आणि ते निघालं अमिनो आम्लच, फक्त प्रथिनात न बसणारं. तुझी रीत आम्लात उकळते, तिथे हे विष तुटून जातं. आणि अमिनो आम्लं मोजणारं यंत्र तर प्रमाण द्रावणात जी नावं आहेत तीच ओळखतं. चारोळीतही असं काही असेल तर ते निसटेल. म्हणून उकळण्याआधी चारोळीचं थोडं पीठ पाणीमिश्रित अल्कोहोलात थंडच भिजव, गाळ आणि तो अर्क कागदी क्रोमॅटोग्राफीवर लाव. शेजारी लाखोळीचा अर्क ठेव. कोणत्याही प्रमाण आम्लाशी न जुळणारा ठिपका दिसला तर खोडू नकोस, वहीत त्याची जागा आणि रंग टिपून घे. तो ठिपका कशाचा ते कळेतोवर चारोळीच्या नावापुढे ‘औषधी’ हा शब्द फक्त वैद्यांच्या वापराच्या आधारानंच लिही, अमिनो आम्लांच्या आकड्यावरून नको. आणि त्याच पिठाची एक पुडी तारीख घालून, हवाबंद करून फ्रिजमध्ये वेगळी ठेव. परीक्षक पुन्हा मोजून दाखव म्हणाले तर लागेल.